रूपांतर : एका दिवसाचे की आयुष्याचे?

शास्त्रवाचन : रोमकरांस पत्र 12:1-2, 2 करिंथकर 3:18, मत्तय अध्याय 5 ते 7



भिलाईच्या सेक्टर 2 मधील एका क्वार्टरमध्ये आम्ही काही मराठी कुटुंबे आठवड्यातून एकदा प्रार्थनेसाठी व शास्त्राभ्यासासाठी जमतो. पोलाद कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने आमच्यापैकी बहुतेकांचे वडील नगर, जालना, विदर्भ अशा भागांतून इकडे आले आणि येथेच राहिले. एका संध्याकाळी अभ्यासाचा भाग होता रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय. मनाच्या नवीकरणाने आपले रूपांतर व्हावे, या प्रेषित पौलाच्या बोधावर मी बरेच बोललो. बोलणे संपल्यावर, आजवर सभेत सहसा तोंड न उघडणारे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले :

"तीस वर्षांपूर्वी मी प्रभूवर विश्वास ठेवला. त्यात खोटे काही नव्हते. पण परवा रात्री मुलाने नोकरी सोडल्याचे सांगितले, तेव्हा मी त्याला म्हणालो, तू माझा मुलगाच नाहीस. तो बॅग घेऊन निघून गेला. आता मला सांगा, तीस वर्षांत माझे रूपांतर झाले ते कोणते?"

त्यांची पत्नी खाली मान घालून बसली होती. कोणीच काही बोलेना. अभ्यास घेणारा मी. पण माझ्यापाशीही त्या वेळी उत्तर नव्हते. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो मनात दडपून ठेवलेला असतो. विश्वास खरा असेल, तर जुना स्वभाव पुन्हा पुन्हा डोके वर का काढतो? आणि स्वभाव जर तोच असेल, तर विश्वास खरा होता असे कशावरून म्हणावे? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

1. शब्द काय सांगतो?

रोम 12:2 मध्ये रूपांतरासाठी जे ग्रीक क्रियापद आले आहे, ते नव्या करारात एकंदर चारच ठिकाणी आढळते. मत्तय 17:2 व मार्क 9:2 येथे ते डोंगरावर प्रभू येशूचे रूप पालटले त्या प्रसंगी वापरले आहे. उरलेल्या दोन ठिकाणी, म्हणजे रोम 12:2 व 2 करिंथ 3:18 येथे, ते तुमच्या-आमच्यासारख्या विश्वासणाऱ्यांविषयी आहे. ज्या शब्दाने प्रभूचे गौरव वर्णिले, त्याच शब्दाने पौल आपल्या जीवनातील बदल वर्णितो, ही केवढी आशेची गोष्ट!

या क्रियापदाच्या रूपाकडेही लक्ष द्यावे. रोमकरांस पत्रात ते आज्ञार्थी आहे. म्हणजे हा विषय आपल्या आवडीनिवडीवर सोडलेला नाही. ते कर्मणी आहे. म्हणजे हे काम आपण स्वतःवर करावयाचे नसून दुसऱ्याकडून आपल्यावर होऊ द्यावयाचे आहे. आणि ते चालू काळाचे आहे. म्हणजे हे एकदा होऊन संपणारे काम नव्हे. करिंथकरांस लिहिताना पौल हेच अधिक स्पष्ट करतो. आपण प्रभूच्या गौरवाकडे पाहत असता टप्प्याटप्प्याने त्याच्या प्रतिरूपात पालटत जातो आणि हे कार्य आत्म्याचे आहे, असा त्याचा आशय आहे.

येथे दोन गोष्टींतील भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. विश्वासाने आपण देवापुढे नीतिमान ठरतो. हे त्याच्या कृपेने, आपल्या कर्मांवाचून होते (इफिस 2:8-9). पण त्याच अध्यायाच्या दहाव्या वचनात पौल म्हणतो की, सत्कर्मांसाठी आपण देवाची कृती म्हणून निर्माण झालो आहो. पहिल्या गोष्टीने मूल घरात जन्माला येते. दुसरीने ते घरात वाढते. जन्म एका घटकेचा असतो, वाढ वर्षांची असते. जन्मलेले मूल अडखळते म्हणून ते जन्मलेच नाही, असे कोणी म्हणत नाही. पण जे कधी वाढतच नाही, त्याची काळजी आईबापांना लागल्यावाचून राहत नाही.

2. भट्टीचा दाखला

आम्हा भिलाईकरांच्या डोळ्यांसमोर या सत्याचा एक दाखला रात्रंदिवस धगधगत असतो. 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्यासाठी दल्ली-राजहरा येथील लोहखनिज आणि नंदिनी येथील चुनखडी वापरात आली. खनिजातील लोखंड प्राणवायूशी जखडलेले असते. गंजातही तेच असते. अशा लालसर दगडाला कितीही घासूनपुसून चकचकीत केले, तरी त्याचे लोखंड होत नाही. त्याला भट्टीत उतरावे लागते. वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकतात, खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात. त्या धगीत प्राणवायूची मिठी सुटते. चुनखडी अशुद्ध द्रव्यांना आपल्याशी जोडून घेते व त्यांची मळी वर तरंगते.

पण येथेच काम संपत नाही, आणि हा भाग आपण विसरतो. भट्टीतून वाहत निघालेला रस लोखंडाचा खरा, पण त्यात सुमारे चार टक्के कार्बन असतो. तो थंड झाल्यावर ठिसूळ होतो. घाव बसला की तडकतो. त्याचे रूळ करता येत नाहीत. म्हणून तो पुन्हा दुसऱ्या पात्रात ओततात, त्यात शुद्ध प्राणवायूचा झोत सोडतात, आणि जादा कार्बन जळून गेल्यावर पोलाद तयार होते. रुळाच्या पोलादात कार्बन एक टक्क्याहूनही कमी असतो. त्यानंतर ओतकाम, त्यानंतर लाटणे, त्यानंतर तपासणी. आणि मगच आगगाडीचा भार त्याच्यावर सोपवतात.

आपल्यापैकी पुष्कळांचे जीवन पहिल्या भट्टीतून निघालेल्या लोखंडासारखे असते. दगड आता दगड राहिलेला नाही, हे निश्चित. पण मुलाने मनाविरुद्ध एक गोष्ट केली की आपण तडकतो. अशा वेळी 'मी भट्टीत गेलोच नव्हतो' असा निष्कर्ष काढणे चुकीचे. आणि 'मी तर भट्टीतून आलो आहे, आता आणखी काय हवे?' असे म्हणून स्वस्थ बसणे त्याहून चुकीचे.

अर्थात प्रत्येक दाखल्याला मर्यादा असते. खनिजाला इच्छा नसते, माणसाला असते. खनिज भट्टीला नकार देऊ शकत नाही. आपण देवाला देऊ शकतो आणि अनेकदा देतोही. म्हणूनच पौल आज्ञा करतो, विनंती करतो, देवाच्या करुणेची आठवण देतो. तेव्हा दगडांकडून माणसांकडे वळू या.

3. राजनांदगावची गाडी

भिलाईहून दुर्गमार्गे नागपूरकडे निघाले की तासाभराच्या आत राजनांदगाव लागते. आम्ही या स्थानकावरून शेकडो वेळा गेलो असू. पण मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात या मार्गाचे काय स्थान आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीनिमित्त निघाले होते. त्या वेळी राजनांदगाव हे एक संस्थान होते. टिळकांचे वय तिशीच्या पलीकडे गेले होते. कवी व संस्कृतज्ञ म्हणून नाव होऊ लागले होते. मन मात्र अस्वस्थ होते. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला तारील असा धर्म ते शोधत होते, आणि तो आपणच स्थापावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळत होते.

गाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. तो सौजन्याने वागला, काव्याविषयी बोलला आणि शेवटी ख्रिस्ताविषयी त्यांचे मत विचारून नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना ते बोलणे मुळीच पटले नाही. परंतु पुस्तक वाचण्याचे त्यांनी कबूल केले, आणि शब्द पाळण्यासाठी वाचू लागले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, येताच ते खिळून राहिले. ज्या प्रश्नांशी ते वर्षानुवर्षे झुंजत होते, त्यांची उत्तरे त्यांना त्या तीन अध्यायांत मिळाली.

त्या सहप्रवाशाने वाद घातला नाही. एक पुस्तक दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. विश्वास ऐकण्याने होतो व ऐकणे ख्रिस्ताच्या वचनाने होते, असे रोम 10:17 चे तात्पर्य आहे. रूपांतराचा आरंभ आपल्या निर्धारात नसतो. बाहेरून आलेले वचन आत उतरते तेथे तो होतो. टिळक धर्म स्थापन करावयास निघाले होते. त्यांच्या हाती मात्र प्रभू आला.

4. बाप्तिस्म्याच्या पुढे

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांचे रूपांतर त्या दिवशी पूर्ण झाले काय? याचे उत्तर देण्यास सर्वांत योग्य व्यक्ती म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात टिळकांचे चित्र कोठेही रंग फासून गोंडस केलेले नाही. टिळकांचा शीघ्रकोपीपणा, त्यांचा लहरी स्वभाव, हातात पैसा आला की तो दुसऱ्याला देऊन टाकणे आणि त्यापायी घरात होणारी ओढाताण, हे सारे त्यांनी विनोदाने पण स्पष्टपणे लिहिले आहे. त्यात बाप्तिस्म्यापूर्वीचे टिळक आहेत आणि बाप्तिस्म्यानंतरचेही आहेत. संतापी मनुष्य एका रात्रीत शांत झाला, अशी भाकडकथा तेथे नाही. मात्र ते प्रेम वर्षागणिक खोल होत जाते, हे कोणाही वाचकाला दिसल्यावाचून राहत नाही.

टिळकांच्या पुढील आयुष्याकडे पाहा. अहमदनगर येथे त्यांनी सेवा केली. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. मंडळीच्या मुखी मराठी मातीतील भक्तिगीते दिली. आणि 1917 साली, बाप्तिस्म्याला बावीस वर्षे होऊन गेल्यावर, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याच्या कार्यास लागले. 9 मे 1919 रोजी ते प्रभूकडे गेले. राजनांदगावच्या गाडीत सुरू झालेले काम अखेरपर्यंत चालू होते. त्यांच्यामध्ये ज्याने आरंभ केला, तो ते काम सिद्धीस नेत होता (फिलिप्पै 1:6).

पंडिता रमाबाईंचा अनुभव या सत्याची दुसरी बाजू दाखवितो. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा व त्यांची कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या अमेरिकेस गेल्या, भारतात परतल्या, 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले. विधवांसाठी त्यांनी जे केले ते सर्वविदित आहे. तरीही 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे ख्रिस्ती धर्म त्यांना लाभला होता, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त त्यांना गवसला नव्हता. पापी म्हणून, रित्या हाताने त्याच्याजवळ गेल्यावरच त्यांच्या मनाला शांती मिळाली. केवढी विदुषी, केवढी समाजसेविका! पण सेवेने रिकामे अंतःकरण भरत नाही, हे कबूल करण्यास त्या लाजल्या नाहीत. आपल्यापैकी जे ख्रिस्ती घरात जन्मले, बालपणीच ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांनी रमाबाईंची ही कबुली एकांतात बसून विचारात घ्यावी.

5. घर हीच कसोटी

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. पतीने ख्रिस्ती होणे हा त्यांच्यावर वज्राघात होता. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या त्यांच्याकडे आल्या, तरी सोवळे-ओवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मग मनातल्या मनात विचार करता करता त्यांना उमगले की, जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या आहेत. आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यास आपली हरकत नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

मनाचे नवीकरण म्हणजे काय, हे समजण्यास यापेक्षा घरगुती उदाहरण कोठून आणावे? ते एखाद्या मोठ्या सभेत घडले नाही. चुलीपाशी, हंड्यापाशी घडले. ज्या हातचे पाणी काल विटाळाचे वाटत होते, ते आज नुसते पाणी झाले. जुन्या मनाने आखलेली रेघ नव्या मनाने पुसली. आपल्या मंडळ्यांतून ही रेघ पूर्णपणे पुसली गेली आहे काय? सोयरीक जुळविताना, आडनाव ऐकताना, पंगतीला बसताना आपले मन कोणते असते, जुने की नवे? प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

जक्कयाचेही असेच झाले (लूक 19:1-10). प्रभू त्याच्या घरी गेला आणि बदल घरातल्या तिजोरीपर्यंत पोहोचला. अर्धे धन दरिद्र्यांना, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत! प्रभूने आधी फेडीचा हिशेब मागून मग त्याच्या घरी पाऊल टाकले नाही. तो आधी आला, आणि फेड त्याच्या येण्याचे फळ ठरली. विश्वास व कृती यांचा क्रम असा आहे. गलती 5:22-23 मध्ये आत्म्याच्या ज्या फळाचा उल्लेख आहे, ते प्रीती, सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन, हे सारे गुण दुसऱ्या माणसाच्या सहवासातच दिसतात. मंदिरात शांत बसणे सोपे आहे. ज्यांना आपला आवाज चढलेला ऐकू येतो, तेच आपल्या रूपांतराचे खरे साक्षीदार.

6. मग आपण काय करावे?

काम देवाचे असले, तरी विश्वास म्हणजे हात जोडून निष्क्रिय राहणे नव्हे. विश्वास म्हणजे स्वतःला त्याच्या हाती देणे व पुन्हा पुन्हा देत राहणे. त्यासाठी तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, वचनाचे नियमित वाचन. टिळक शब्द पाळण्यासाठी वाचू लागले आणि वचनाने त्यांना धरले. भावना असो वा नसो, वाचीत राहावे.

दुसरी, पापाला त्याच्या नावाने हाक मारणे. 'माझा स्वभावच तसा' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! भट्टीत मळी वर येते ती काढून टाकण्यासाठी. आपण ती झाकून ठेवतो. राग वर आला, मत्सर वर आला, तर तो प्रभूपुढे कबूल करावा, आणि ज्याला घायाळ केले त्याच्यापुढेही.

तिसरी, प्रभूमध्ये राहणे. पोलाद कितीही उत्तम असले, तरी पावसात उघडे टाकले की त्याला गंज चढतो, म्हणजे ते पुन्हा खनिजाच्या वाटेला लागते. कालच्या अनुभवावर आज जगता येत नाही. म्हणूनच प्रभूने द्राक्षवेलाचा दाखला देऊन, माझ्यामध्ये राहा, असे शिष्यांना पुन्हा पुन्हा सांगितले (योहान 15).

समारोप

त्या संध्याकाळी मी त्या गृहस्थांना उत्तर देऊ शकलो नाही. त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना केली व घरोघर गेलो. पुढच्या आठवड्यात ते आले आणि स्वतःच बोलले : "मी मुलाला फोन केला. म्हटले, मी चुकलो, मला क्षमा कर. तो पुष्कळ वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, बाबा, जेवलात का?"

एवढे सांगून ते खाली बसले. त्यांच्या पत्नीने या वेळी मान खाली घातली नव्हती.

तीस वर्षांत कोणते रूपांतर झाले, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सापडले. मुलाला तसे बोलल्यानंतर ज्याला झोप लागत नाही, ज्याला ते चारचौघांत कबूल करावेसे वाटते, आणि जो बाप असून मुलाची क्षमा मागतो, त्याच्यामध्ये कोणीतरी काम करीत आहे. दगड असा वागत नाही. मुलगा अजून परगावीच आहे. बापलेकांमधले सगळे सुरळीत झाले आहे, असे नाही. काम चालू आहे. आपण सर्वच अद्याप भट्टीत आहोत, आणि भट्टी ज्याच्या हाती आहे तो आपल्यावर प्रीती करणारा आहे, हाच आपला विश्वास.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

1. नीतिमान ठरणे व रूपांतर होत जाणे यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा. हा भेद विसरल्यास कोणत्या दोन चुका संभवतात?

2. टिळक, रमाबाई व लक्ष्मीबाई यांच्यापैकी कोणाचा अनुभव आपल्या अनुभवाच्या जवळ वाटतो? का?

3. 'माझा स्वभावच तसा' असे म्हणून आपण कोणते पाप झाकीत आहोत?

4. या आठवड्यात ज्याची क्षमा मागावयाची आहे, असे आपल्या घरात कोणी आहे काय?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आम्ही तुझ्या पुत्रावर विश्वास ठेवला आहे, तरी आमचे जुने मन आम्हांला लाज आणते. आम्हांला निराश होऊ देऊ नकोस आणि स्वस्थही बसू देऊ नकोस. तुझ्या वचनाने व आत्म्याने आम्हांला दिवसेंदिवस तुझ्या पुत्रासारखे कर, आणि त्याची पहिली खूण आमच्या घरच्यांना दिसू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.